शरदात रेड वाईन निवडताना: आधी हवा बघा, मग ताट, मग लेबल

रात्रीचे आठ वाजून गेले होते, तरी गच्चीची फरशी पायाला कोमट लागत होती. ऑक्टोबर संपत आला होता, दिवाळी आठ-दहा दिवसांवर. छत्रपती संभाजीनगरात त्या दुपारी ऊन असं तापलं होतं की बाहेर पडवत नव्हतं. दाजी जालन्याहून मुक्कामी आले होते. कडवंचीच्या बाजूला त्यांची द्राक्षबाग आहे. छाटणी उरकून महिना होत आला होता, त्यामुळे जरा मोकळे होते. मी कपाटातून नाशिकच्या शिराझची, म्हणजे शिराझ द्राक्षाच्या रेड वाईनची, बाटली काढली आणि दोन पेल्यांत ओतली. दाजींनी एक घोट घेतला, जीभ टाळूला लावून बघितली आणि म्हणाले, "पाव्हणं, हे तर लई तुरट लागायलंय. अन् गरमबी."

दोन्ही तक्रारी अगदी खऱ्या होत्या. मी बाटली बर्फ-पाण्याच्या बादलीत ठेवली, खाली जाऊन खारे शेंगदाणे आणले आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओतली. दुसरा घोट घेतल्यावर दाजींनी पेला उजेडात धरला. "हे तेच हाय का?" तेच होतं.

रेड वाईन निवडायची म्हटली की माणूस लेबलावरच्या नावांनी आणि किमतीने दबून जातो. दाजींनी पहिल्या घोटाला वापरलेले दोन शब्द हाताशी असले तर एवढं दबायचं कारण नाही. ही वाईन किती तुरट आहे आणि आज हवा किती गरम आहे? तिसरा प्रश्न ताटाचा: जेवण किती तिखट आहे? शरदात या तिन्हींची उत्तरं आठवड्या-आठवड्याला बदलतात, म्हणूनच हा ऋतू वाईन निवडायला अवघड आणि तितकाच मजेचा.

तुरटपणा येतो कुठून

शरद सीडलेस हे काळं द्राक्ष आपल्याकडे सगळ्यांनी खाल्लेलं असतं. एक मणी बोटांनी चिरडून बघा. आतला गर फिकट हिरवट निघतो, रंग सगळा सालीत असतो. वाईनच्या बहुतेक काळ्या द्राक्षांचंही असंच असतं. व्हाईट वाईन करताना रस पिळून सालीपासून लगेच वेगळा काढतात. रेड वाईनसाठी रस, साली आणि बिया एकत्रच आंबवतात. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करत असतं, आणि त्याच काळात सालीतला रंग नि साली-बियांतलं टॅनिन रसात उतरत जातं. किती दिवस मुरवायचं, हे वाईन करणारा ठरवतो.

टॅनिन आपल्या रोजच्या ओळखीचं आहे. जांभूळ, सुपारी, हिरडा, डाळिंबाची साल, जास्त उकळलेला कोरा चहा, सगळ्यांत ते असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचा ओशटपणा जातो आणि जीभ खरखरीत, कोरडी वाटते. म्हणजे तुरटपणा हा खरं तर चवीपेक्षा स्पर्श आहे. जांभूळ खाऊन जीभ जांभळी आणि जड झालेली ज्याला आठवते, त्याला रेड वाईनचा निम्मा धडा लहानपणीच मिळालेला आहे.

दाजींचा पुढचा प्रश्न शेतकऱ्याचा होता: मग आमच्या द्राक्षांची का करत नाहीत ही वाईन? खायच्या द्राक्षाचा मणी मोठा, साल पातळ, बी नाही. ग्राहकाला तेच हवं असतं. वाईनचा मणी छोटा, सालीला जाड आणि आत बिया, म्हणजे रसाच्या मानाने साल-बी भरपूर. साखरेतही फरक आहे. रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात. खायचं द्राक्ष साधारण सोळा ते अठरा ब्रिक्सला काढतात, वाईनचं बावीस ते पंचवीसला. ब्रिक्सला अंदाजे ०.५५ ने गुणलं की होणाऱ्या अल्कोहोलचा टक्का कळतो. चोवीस ब्रिक्स म्हणजे तेरा टक्के. साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर खिशात घेऊन बागेत फिरणाऱ्या माणसाला हा हिशेब एका वाक्यात पटला.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे पुष्कळांनी पहिल्यांदा चाखलेली 'वाईन' म्हणजे गोड पोर्ट असते. तिच्यानंतर ड्राय रेड प्यायली की फसवल्यासारखं वाटतं. ड्राय म्हणजे द्राक्षाची जवळजवळ सगळी साखर आंबून संपलेली. तिच्यात पिकल्या फळाचा वास येतो, गोडी मात्र नसते. पहिल्या घोटाला ही तयारी मनाशी हवी.

शरद, पण आपला

युरोपात शरद म्हणजे द्राक्षकाढणीचा हंगाम. फ्रान्सच्या बोजोले भागातली त्याच वर्षीची ताजी वाईन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि तो दिवस सणासारखा साजरा होतो. आपल्याकडे चक्र उलटं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठीची गोडी छाटणी, आणि वाईनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूतानेसुद्धा लिहून ठेवलंय की इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात. वेलीला थंडीत झोपायला लावणारा हिवाळा आपल्याकडे नाही, म्हणून दोन छाटण्या करून तिला वेळापत्रक घालून द्यावं लागतं.

बागायतदारांसाठी इथे एक गंभीर सूचना. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे रसायन अंगात गेलं की शरीराची अल्कोहोल पचवण्याची वाट अडते. मग थोड्याशा दारूनेही चेहरा लालबुंद होणं, धडधड, उलट्या, दम लागणं असा त्रास होतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. पेस्ट लावायच्या आदल्या दिवसापासून ते नंतर किमान आठवडाभर वाईनच काय, बिअरही नको. पेस्ट लावणाऱ्या मजुरांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. दाजी दरवर्षी सांगतात, स्वतःही पाळतात. त्या रात्री मी बाटली उघडली, तीही पेस्टिंग होऊन तीन आठवडे झालेत याची खात्री करून.

आता हवा. पंचांगात शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. मराठवाड्यात या दोन महिन्यांचे दोन वेगळे ऋतूच असतात. पाऊस गेला की दिवाळीपर्यंत ऑक्टोबरचा चटका, दुपारी पंख्याखालीही घाम. दिवाळीच्या मागेपुढे कधीतरी एका पहाटे चादर अंगावर ओढावीशी वाटते आणि तिथून हवा पालटते. या दोन हवांना एकच रेड वाईन चालणार नाही.

"रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घराची, सोळा-अठरा अंशांची. आपली खोली ऑक्टोबरात तीस अंशांवर असते. वाईन गरम झाली की अल्कोहोलची वाफ जास्त उठते, ती नाकाला झोंबते आणि फळाचा वास तिच्याखाली दबतो. फार गार केली तरी पंचाईत: वास मिटतो आणि तुरटपणा टोकदार होतो. म्हणून हलक्या रेडला बारा ते चौदा अंश आणि भारदस्त रेडला सोळा ते अठरा अंश हे माप धरावं. थर्मामीटर लागत नाही. कपाटातली बाटली प्यायच्या आधी सव्वा तास फ्रिजमध्ये ठेवा, किंवा बादलीत बर्फ आणि पाणी घालून पंधरा मिनिटं. पाणी हवंच, कारण नुसता बर्फ काचेला जागोजागीच टेकतो आणि पाणी सगळीकडून बाटलीला धरतं. पेल्यात ओतल्यावर ती आपल्या हवेत भराभर गरम होते, म्हणून पेला तिसरा हिस्साच भरा आणि बाटली बादलीतच राहू द्या. माझ्या मते पाचशे रुपये जास्त घालून वरची बाटली घेण्यापेक्षा हा सव्वा तास जास्त फरक पाडतो.

आयुर्वेदाचार्य वाग्भटांनी शरदाच्या ऋतुचर्येत तीक्ष्ण मद्य टाळायला सांगितलं आहे. पावसाळ्यात साठलेलं पित्त या उन्हात उसळतं, हे त्यामागचं कारण. मी वैद्य नाही, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात साडेचौदा टक्क्यांची, लाकडात मुरलेली जड वाईन अंगावर येते एवढं अनुभवाने नक्की सांगू शकतो.

तिखटाचा हिशेब

वाईनवरची पुस्तकं-व्हिडिओ बहुतेक कमी तिखट खाणाऱ्यांसाठी असतात. आपल्या ताटात ठेचा असतो, काळा मसाला असतो, म्हणून हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे.

मिरचीतलं कॅप्सेसिन, म्हणजे तिखटपणा देणारं द्रव्य, जिभेवरच्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला) चिकटतं, ती मुळात उष्णता ओळखणारी ग्राही आहे. साधारण त्रेचाळीस अंशांच्या आसपास ती "भाजतंय" असा निरोप पाठवते. मिरची तिला फसवून तोच निरोप पाठवायला लावते. अल्कोहोल त्याच ग्राहीला आणखी हळवी करतं, म्हणजे कमी उष्णतेलाही ती पेटते. त्यात टॅनिनने लाळेचा ओशटपणा नेलेला, जीभ उघडी पडलेली. म्हणून ठेच्यावर साडेचौदा टक्क्यांची कॅबर्ने ही तुरट रेड वाईन प्यायली की तोंडात आग होते आणि दोष वाईनला जातो.

जेवण जितकं तिखट, तितकी वाईन कमी तुरट, कमी अल्कोहोलची, फळाच्या वासाची आणि थोडी गार हवी. तुरटपणा कमी करणारे आपल्या ताटातले मित्रही लक्षात ठेवा. मीठ तुरट-कडू बाजू झाकतं, म्हणून त्या रात्री खाऱ्या शेंगदाण्यांनी काम केलं. तेल-तूप-चरबी आणि मांसातली प्रथिनं टॅनिनला गुंतवून ठेवतात. शेंगदाण्याची तेल घातलेली चटणी आणि ज्वारीची भाकरी रेड वाईनबरोबर चांगली लागते ती यामुळेच. आंबटाचा नियम वेगळा: पदार्थ वाईनपेक्षा जास्त आंबट झाला तर वाईन पाणचट लागते. आणि गोड पदार्थाशेजारी ड्राय रेड कडवट होते. दिवाळीच्या फराळातला चिवडा, शेव, कडबोळी यांच्याशी तिचं जमतं. करंजी आणि अनारसे चहाबरोबरच खावेत.

दिवाळीआधीची, दिवाळीनंतरची

ऑक्टोबरच्या चटक्यात पातळ सालीच्या, कमी टॅनिनच्या द्राक्षांकडे वळा. बोजोलेचं गामे आणि बर्गंडीचं पिनो न्वार ही त्यांतली नावाजलेली. पण ती परदेशातून येतात, महाग पडतात आणि मराठवाड्यातल्या दुकानात क्वचितच दिसतात. आपल्या आवाक्यातली म्हणजे लाकडात न मुरवलेली तरुण मर्लो किंवा झिनफँडेल. दोन्हींत पिकल्या आलुबुखाराचा, बोरीवर्गीय फळांचा वास असतो आणि तुरटपणा बेताचा. झिनफँडेलचा अल्कोहोल टक्का मात्र लेबलावर बघून घ्या, कधी कधी तो वर चढलेला असतो.

मला या दिवसांत सगळ्यांत जवळची वाटते ती सांजोवेझे. इटलीतल्या कियांती वाईनचं हे मुख्य द्राक्ष, आणि आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली या वाईन कंपनीने ते लावलंय. तिच्यात आंबटपणा खणखणीत असतो, त्यामुळे चिंच-टोमॅटोसमोर ती मान टाकत नाही. आमच्याकडे लग्नाकार्यात होते ती येसर आमटी आठवा: भाजलेल्या धान्य-डाळींचा आणि मसाल्यांचा तो करपूस वास, वर तेलाचा तवंग. चौदा-पंधरा अंशांवरची सांजोवेझे आणि येसर आमटीत कुस्करलेली भाकरी ही जोडी एकदा करून बघा. मसाला जरा हात आखडून घाला, बाकी काही बदलू नका.

हवा पालटली की शिराझची पाळी. हे द्राक्ष फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातलं, तिथे त्याला सिरा म्हणतात. नाशिकच्या उन्हात ते चांगलं रमलंय. शिराझमधून पुष्कळदा काळ्या मिऱ्याचा वास येतो, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की रोटुंडोन नावाचं जे संयुग मिऱ्याला त्याचा वास देतं, तेच शिराझच्या सालीत असतं. दोन्हींत एकच रेणू. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाला तो वास येतच नाही. त्यामुळे मित्र म्हणाला "मिरी लागतेय" आणि तुम्हाला काहीच लागलं नाही, तर खोटं कुणीच बोलत नसतं.

मिऱ्याचं हे नातं ताटात उपयोगी पडतं. संभाजीनगरचा नान-खलिया घ्या. मटण मसाल्यात तासन् तास शिजलेलं, वर लाल तर्री, सोबत तंदुरातली मऊ पिवळसर नान. मटणाची चरबी आणि प्रथिनं शिराझचा तुरटपणा पोटात घेतात, मिरी-लवंग-दालचिनीला वाईनमधली मिरी जुळते, आणि रश्श्याने जड झालेलं तोंड पुढच्या घासासाठी मोकळं होतं. इथे थोडा तुरटपणा हवाच, हलकी वाईन या खलियापुढे हरवून जाते. नोव्हेंबरची थंड रात्र असेल तर सतरा-अठरा अंशांवर ठेवा, बादलीची गरज नाही.

कॅबर्ने सॉव्हिन्यों सगळ्यांत तुरट आणि भारदस्त. मणी बारीक, साल जाड, बिया मोठ्या. ही द्राक्षजात कॅबर्ने फ्रांक आणि सॉव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून आपोआप जन्मली, हे नव्वदच्या दशकात डीएनए तपासणीतून कळलं. नुसती कॅबर्ने मी थंडी पक्की होईपर्यंत राखून ठेवतो. शरदाच्या शेवटी घ्यायचीच तर मिश्रण घ्या: बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर कंपनीची ला रेझर्व्ह म्हणजे कॅबर्ने आणि शिराझ, फ्रातेल्लीची सेत्ते म्हणजे सांजोवेझे आणि कॅबर्ने. मिश्रणात एकीचा ताठपणा दुसरी सैल करते. त्यांना भाजलेलं मटण किंवा चुलीवरच्या वांग्याचं भरपूर तेलाचं भरीत द्या. जायकवाडीचा मासा असेल त्या दिवशी मात्र रेड टाळा. वाईनमधल्या लोहामुळे माशाचा उग्र वास तोंडात रेंगाळतो.

दुकानात उभं राहिल्यावर

आपल्या वाईन शॉपात वाईनची एकच फळी असते आणि ती बऱ्याचदा ट्यूबलाइटखाली. मराठवाड्याचा उन्हाळा बेचाळीस अंशांचा. त्यात सहा महिने उभी राहिलेली बाटली शिजून जाते. माझ्या हातून हे घरीच झालंय. भेट आलेली एक चांगली बाटली मी माळ्यावर ठेवली, वर पत्रा, आणि दसऱ्याला उघडायचं ठरवलं. दसऱ्याला खाली काढली तर कॉर्क पाव इंच वर आलेलं, गळ्याभोवती चिकट ओघळ. आतली वाईन तपकिरी पडलेली, वास करपलेल्या मनुकांचा. त्या बाटलीचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून दुकानात आधी गळा बघा: कॉर्क उचललेलं किंवा चिकट असेल तर ती घेऊ नका. शक्यतो पावसाळ्यानंतर आलेला माल मागा.

लेबलावरचं साल काढणीचं असतं. आपल्याकडे काढणी वर्षाच्या सुरुवातीला होते, म्हणजे यंदाचं साल असलेली बाटली ऑक्टोबरात सात-आठ महिन्यांची. साध्या किमतीच्या भारतीय रेडला दोन-तीन वर्षांहून जास्त ठेवण्यात काही मिळत नाही, ताजी घ्या. फिरकीचं झाकण बघून कमीपणा मानू नका, रोजच्या वाईनला ते उत्तम. 'रिझर्व्ह' लिहिलं असेल तर साधारणपणे ओकच्या पिंपात मुरवलेली, म्हणजे व्हॅनिला-धुराचा वास आणि थोडं जास्त टॅनिन. ती दिवाळीनंतरची. मागच्या बाजूला अल्कोहोलचा टक्का असतो: उकाड्यात तेराच्या आत, थंडीत चौदापर्यंत. २ ऑक्टोबरला दुकान बंद असतं, हेही ध्यानात असू द्या.

हृदयाला चांगली म्हणून पिऊ नका. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. चवीसाठी, जेवणाबरोबर, थोडी, आणि परत गाडी चालवायची नसेल तेव्हाच. नवरात्रात ज्यांच्या घरी घट बसतात त्यांच्याकडे तसाही हा विषय निघत नाही, आणि तुळजापूरला जाऊन आल्यावर चार दिवस थांबायला कुणाचं काही जात नाही.

उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, रेड असली तरी. तीन-चार दिवस टिकते, हलकी असेल तर दोनच. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. दाजींसोबतच्या त्या शिराझचे दोन पेले उरले होते. सकाळी जालन्याला निघताना त्यांनी फ्रिजकडे बोट दाखवून विचारलं, "ते कवा संपवायलाव?" मी म्हणालो, तुम्ही थंडीत पुन्हा या, तेव्हा नवी उघडू. ते म्हणाले, "मग मटण मी आणतो."